हेल्मेटची काच आणि चष्मा, वाफ नक्की कुठे धरतेय ते आधी बघा

मला उणे साडेचारचा नंबर आहे, म्हणजे चष्मा काढला तर समोरचा ट्रक आहे का टेम्पो हे पण अंदाजानेच ठरवायचं, आणि गेली बरीच वर्षं पुण्यात कर्वेनगर ते हिंजवडी रोज बाईकने जातो, पावसाळ्यात सुट्टीच्या दिवशी ताम्हिणी नाहीतर माळशेज. त्यामुळे काचेवर वाफ धरणं या विषयात माझा अभ्यास हौसेने नाही, नाइलाजाने झालाय. बटाटा चोळून झालाय, शेव्हिंग फोम झालाय, स्टिकर झालाय, पिनलॉक, म्हणजे हेल्मेटच्या काचेला आतून बसवायचा पारदर्शक पत्रा, तोही झालाय. काय चालतं काय नाही ते सांगतो.

पण त्याआधी एक गोष्ट जी मला फार उशिरा कळली. वायझरवरची, म्हणजे हेल्मेटच्या काचेवरची वाफ आणि चष्म्यावरची वाफ या दोन वेगळ्या भानगडी आहेत, आणि एकाचा इलाज दुसऱ्याला लागू पडेलच असं नाही, कधीकधी तर उलटाच पडतो. मी पहिल्यांदा चांगला पिनलॉक बसवला तेव्हा वायझर अगदी स्वच्छ, एकदम खुश झालो, मग पाऊस आत येऊ नये म्हणून काच पूर्ण बंद केली, आणि पिरंगुटच्या पुढे दहा मिनिटांत चष्मा असा धुरकट झाला की बस. आधी निदान काच थोडी उघडी ठेवत होतो त्यामुळे हवा खेळत होती. पैसे खर्च करून त्रास वाढवून घेतला.

तर पहिलं काम, दिसायचं कमी झालं की काच सरळ वर करा. लगेच स्वच्छ दिसलं तर दोष वायझरचा. काच वर करूनही धुरकटच असेल तर चष्म्याचा. दोन्ही असतील तर, म्हणजे बहुतेक वेळा, आधी चष्म्याच्या मागे लागा, कारण वायझर वर करता येतो, चष्मा काढून बाईक चालवता येत नाही.

आता वाफ येते कशी ते थोडं सांगतो, कंटाळा आला तरी वाचा, कारण हे कळलं की पुढचे सगळे उपाय आपोआप सुचतात. आपला श्वास बाहेर पडतो तो साधारण ३४-३५ अंशाचा आणि ओलाव्याने जवळपास काठोकाठ भरलेला असतो. ३५ अंशाच्या एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त साधारण ४० ग्रॅम पाणी वाफेच्या रूपात राहू शकतं, २० अंशाला फक्त १७ ग्रॅम. पावसाने आणि वाऱ्याने वायझर २० अंशाला आलेला असतो, त्याला श्वास जाऊन लागला की वरचं जे पाणी हवेला पेलवत नाही ते काचेवर बसतं, बारीक बारीक थेंबांच्या रूपात, आणि प्रत्येक थेंब उजेड वाकडातिकडा फेकतो म्हणून सगळं दुधाळ दिसतं. मिनिटाला आपण सात-आठ लिटर हवा सोडतो, त्या हिशोबाने दहा मिनिटांत दीडएक ग्रॅम पाणी बसू शकतं. ऐकायला काहीच नाही, पण काचेवर पसरवलं की आंधळं करायला पुरेसं आहे.

म्हणजे उपाय तीनच प्रकारचे. श्वास काचेपर्यंत जाऊ द्यायचा नाही. गेलाच तर हवेने पटकन उडवायचा. आणि तरी पाणी बसलंच तर त्याचे थेंब होऊ द्यायचे नाहीत किंवा काच गार होऊ द्यायची नाही. लोक सुरुवात शेवटापासून करतात, म्हणजे आधी स्प्रे विकत घेतात. पहिल्या दोन गोष्टी फुकट आहेत.

श्वास खाली वळवा

हेल्मेटच्या खोक्यात एक काळा रबरी नाहीतर प्लास्टिकचा तुकडा येतो, नाकाच्या आकाराचा, बऱ्याच जणांना तो कशाचा आहे तेच माहीत नसतं आणि तो खोक्याबरोबर माळ्यावर जातो. तो ब्रेथ गार्ड. हनुवटीच्या समोरच्या भागात आतून वर खोचायचा, नाकावर टेकतो आणि श्वास खाली ढकलतो. सुरुवातीला नाकाला टोचतो, दोन दिवसांत सवय होते. माझ्या मते चष्मेवाल्याने हेल्मेट घेताना रंग बघण्याआधी हा तुकडा आहे का ते विचारावं.

दुसरा तुकडा म्हणजे हनुवटीखालचा कापडी पडदा, चिन कर्टन. हा मात्र पावसाळ्यात शहरातल्या ट्रॅफिकला काढून ठेवा. खालून हवा यायची वाट तो बंद करतो, मग श्वासाला जायला एकच रस्ता उरतो, वर चष्म्याकडे. हायवेला आवाज कमी करायला ठीक आहे, चांदणी चौकात गाडी पंधराच्या स्पीडने सरकत असताना नाही.

आणि रुमाल. आपल्याकडे धुळीसाठी नाकातोंडावर रुमाल बांधून वर हेल्मेट घालायची पद्धतच आहे, मुली स्कार्फ बांधतात, आणि मग म्हणतात चष्म्यावर वाफ का धरते. रुमालाची वरची कड नाकाच्या बाजूला सैल असते, सगळा श्वास तिथूनच वर जातो. २०२० साली मास्क आल्यावर साऱ्या चष्मेवाल्यांनी हे भोगलंय. तेव्हा जे शिकलो तेच इथे, कड नाकाच्या हाडावर घट्ट बसली पाहिजे आणि चष्मा त्या कडेच्या वर ठेवायचा, चष्म्याच्या वजनाने ती दाबली जाते. नाकाशी तार असलेला मास्क असेल तर रुमालापेक्षा बरा. आणि पाऊस चालू असताना धूळ कुठून येणार, तेव्हा सरळ काढून खिशात टाका, ओला रुमाल तोंडावर ठेवून वाफ धरू नये अशी अपेक्षा करणं म्हणजे कमाल आहे.

सिग्नलला उभे असताना अजून एक करता येतं. वरचा ओठ थोडा पुढे काढून खाली हनुवटीकडे फुंकर मारल्यासारखा श्वास सोडायचा. दिसायला येडपटासारखं दिसतं पण हेल्मेटच्या आत कोण बघतंय.

हवा खेळू द्या

हेल्मेटच्या हनुवटीवरचा व्हेंट, म्हणजे हवा यायची झडप उघडा, कपाळावरचा उघडा, मागचा असेल तर तोही. पावसात लोक हे सगळे बंद करतात, पाणी येईल म्हणून. आणि एक शंका हमखास येते, की बाहेरच धुकं आहे, ताम्हिणीत ढग रस्त्यावर उतरलाय, हवाच शंभर टक्के ओली, ती आत घेऊन काय फायदा? मलाही असंच वाटायचं. पण बाहेरची हवा २० अंशाची आहे, ती आत येऊन चेहऱ्याच्या उबेने तीसच्या आसपास तापली की तिची पाणी धरायची ताकद वाढते, आणि शंभर टक्के ओली असलेली तीच हवा आत साधारण ५५ टक्क्यांवर येते. म्हणजे धुक्यातली हवासुद्धा हेल्मेटच्या आत आल्यावर तुमच्या श्वासापेक्षा कोरडी असते आणि काच पुसायचं काम करते. हे मी ज्याला ज्याला सांगितलं त्याने आधी विश्वास ठेवला नाही आणि मग घाटात व्हेंट उघडून बघितला.

काच एक खाच उघडी ठेवायची. बऱ्याचशा हेल्मेटना पहिला दात अगदी बारीक फटीचा असतो, तो त्यासाठीच दिलाय. दात नसेल तर काही लोक रबराचा छोटा तुकडा खालच्या कडेला चिकटवून फट ठेवतात, मी केलंय, चालतं. सिग्नलला मात्र काच पूर्ण वर, कारण वारा नाही तर व्हेंटचा काही उपयोग नाही. हिरवा झाला, गाडीने तीसचा स्पीड घेतला, की मग खाली.

घाटात खरी पंचाईत चढावर होते. पुढे वाळूचा ट्रक, स्पीड बारा-पंधरा, वारा शून्य, आणि आपण टेन्शनमध्ये जोरजोरात श्वास घेतोय. तिथे काच अर्धी वर करून तोंडावर पाऊस घेतलेला परवडला. माझं सरळ मत आहे, ओलं तोंड चालेल, धुरकट काच नाही.

साबण, आणि आमच्या किचनमधला प्रयोग

आता काचेला लावायच्या गोष्टी. सगळ्यात स्वस्त आणि खरंच चालणारी म्हणजे साबणाचं पाणी. भांड्याचं लिक्विड किंवा त्यापेक्षा बरा म्हणजे लहान बाळाचा शाम्पू. साबणाचा थर असला की पाण्याचे थेंब उभे राहत नाहीत, पातळ सपाट पडदा होतो, आणि त्यातून आरपार दिसतं. पाणी बसतंच, फक्त दिसायची अडचण होत नाही.

मी हे एकदा घरी करून बघितलं. जुना चष्मा घेतला, डाव्या काचेला बाळाचा शाम्पू लावला, उजवी तशीच ठेवली, आणि आई चहा करत होती त्या पातेल्यावर धरला. उजवी काच दोन सेकंदात पांढरी. डावी तशीच, थोडं बघितल्यावर एक पाण्याचा थर सरकताना दिसतो पण पलीकडची मिसळणाच्या डब्यावरची कंपनी वाचता येत होती. आई म्हणाली, "झालं का तुझं, दूध उतू जाईल, हो बाजूला." तर हा प्रयोग तुम्हीही करा, कुठलाही स्प्रे किंवा वाइप विकत घेतला तरी रस्त्यावर जाण्याआधी असाच अर्धा-अर्धा लावून वाफेवर धरा, पाच मिनिटांत कळतं पैसे वसूल झाले का.

लावायची पद्धत महत्त्वाची आहे, बहुतेक लोक इथेच चुकतात. आधी काच साध्या पाण्याखाली धरून धूळ जाऊ द्या, पुसू नका, धुळीवर पुसलं की ओरखडे. मग ओल्या बोटावर एक थेंब, एकच, दोन्ही बाजूंना पातळ फिरवा. चष्म्याच्या दोन्ही बाजूंना हां, कारण हेल्मेटच्या आत श्वास चष्म्याच्या पुढूनही येतो आणि मागूनही, वायझरला मात्र फक्त आतून. वाळू द्या, पांढरट डाग दिसतील. मग कोरड्या मऊ सुती कापडाने किंवा मायक्रोफायबरने काच स्वच्छ दिसेपर्यंत हलक्या हाताने पुसा, आणि परत पाण्याने धुवायचं नाही. धुतलं की थर गेला. जास्त लावलं तर रात्री समोरच्या गाडीच्या लाइटला लांब लांब रेषा फुटतात आणि घाम आला की साबण डोळ्यात उतरतो, दोन्ही अनुभव घेतलेत, चुरचुर थांबेपर्यंत भूगावला बसस्टॉपखाली उभा होतो. टिकतं एक दिवस, फार तर दोन. रोज सकाळी दात घासल्यासारखं करायचं काम आहे.

कच्चा बटाटा चोळला तर थोडा परिणाम होतो, स्टार्चचा थर बसतो, पण पिठूळ डाग राहतात. अडीअडचणीला ढाब्यावर ठीक. शेव्हिंग फोम वायझरवर चालतो, चष्म्यावर मी लावत नाही, कोटिंगची काच महाग असते. टूथपेस्ट कुठेच नाही, त्यात घासणारी पावडर असते. पेट्रोल, थिनर, अमोनियावाला काच साफ करायचा स्प्रे, सॅनिटायझर, हे वायझरपासून लांब ठेवा, वायझर काचेचा नसतो, पॉलिकार्बोनेट नावाचं प्लास्टिक असतं आणि असल्या गोष्टींनी त्याला बारीक तडे जाऊ शकतात.

आणि एक घोळ कायम होतो. पाणी घसरून जावं म्हणून जे वॅक्स किंवा पाणी पळवणारं लिक्विड मिळतं ते बाहेरच्या बाजूला, तेही प्लास्टिकला चालेल असं लिहिलेलं असेल तरच. आतून ते लावलं तर थेंब अजून टपोरे आणि अजून जास्त. बाहेर पाणी पळवायचं असतं, आत पसरवायचं असतं, दोन्हीचं काम उलटं आहे.

पिनलॉक, आणि त्याच्यासारखं दिसणारं

वायझरसाठी सगळ्यात खात्रीचा इलाज पिनलॉकच. वायझरच्या आत दोन छोट्या पिना असतात, त्यांच्यामध्ये एक पातळ पारदर्शक पत्रा अडकवायचा, त्याच्या कडेने सिलिकॉनची बारीक पट्टी असते. पट्टी वायझरला चिकटून बसली की मध्ये हवेचा बंद कप्पा तयार होतो, थंडीच्या देशात खिडक्यांना दुहेरी काचा लावतात तसं. बाहेरची काच गार असली तरी आतला पत्रा तितका गार होत नाही, शिवाय तो स्वतः थोडा ओलावा शोषतो. ३०, ७० आणि १२० असे त्याचे प्रकार मिळतात, आकडा जितका मोठा तितका वेळ जास्त टिकतो. आपल्या पावसाला ७० पुष्कळ झाला, लडाखला जाणार असाल तर १२०.

तुमच्या वायझरला पिना आहेत का ते आधी बघा, आणि पत्रा त्याच मॉडेलचा घ्या, "बसेल हो" म्हणणाऱ्या दुकानदाराचं ऐकू नका. बसवताना वायझर हेल्मेटमधून काढा, पुसून पूर्ण कोरडा करा. सिलिकॉनची पट्टी वायझरच्या दिशेला. एक टोक एका पिनेत अडकवा, वायझर दोन्ही हातांनी थोडा सपाट ताणा, इथे घरातल्या कुणाला तरी हाताशी घ्या, दुसरं टोक अडकवा आणि सोडा. आता उजेडाकडे धरून कडेने बघा, पट्टी चिकटलेली जागा गडद रेघेसारखी दिसते, ती रेघ कुठेही तुटलेली नको. तुटली असेल तर पिन थोडी फिरवा, बऱ्याच पिना मुद्दाम मध्यापासून सरकलेल्या असतात, फिरवल्या की पत्रा घट्ट होतो. सगळं जमलं की शेवटी वरची प्लास्टिकची फिल्म काढा. माझा एक मित्र दोन महिने फिल्मसकट फिरत होता आणि पिनलॉक बेकार आहे म्हणून सांगत होता.

दोन काचांच्या मध्ये वाफ दिसली तर समजायचं पट्टी कुठेतरी सुटलीये. पिनलॉकला साबणाचा थर, स्प्रे, काही लावायचं नाही, कोमट पाणी आणि मऊ कापड बास. आणि खरं सांगायचं तर रात्री लाइटची थोडी दुहेरी छाया दिसते, सवय होते, पण दिसते.

त्याऐवजी चिकटवायची स्वस्त फिल्म घ्यायचा मोह होईल. मी रस्त्याकडेच्या एका दुकानातून घेतली होती, पहिले चार दिवस मस्त, मग मधोमध फुगा आला, ऊन लागून पिवळी पडली, आणि काढताना गोंद असा राहिला की तो काढायच्या नादात वायझरच गेला. नवीन वायझर आणि फिल्म मिळून पिनलॉकच्या आसपासच खर्च झाला.

चष्मेवाल्यांचं अजून थोडं

चष्मा नाकावर जरा पुढे बसला तर हवा मागून फिरते, अगदी पापण्यांना टेकलेला चष्मा लवकर धुरकटतो. चष्म्याच्या दुकानात नोजपॅड थोडे आत वाकवून द्या म्हटलं की देतात, पैसेही घेत नाहीत. फार मोठी गोल फ्रेम हेल्मेटमध्ये हवा अडवते, गालाच्या पॅडमध्ये काडी अडकते ते वेगळंच. सरळ काडीचा छोटा चष्मा बाईकसाठी वेगळा ठेवलात तर उत्तम. पुढचा जबडा उचलता येणारं हेल्मेट असेल तर सिग्नलला पूर्ण उघडता येतं, चष्मेवाल्यांना मी तेच सुचवतो.

एसी ऑफिसमधून पार्किंगमध्ये आल्यावर जी वाफ धरते ती वेगळी, ती श्वासाची नसते, चष्माच गार असतो आणि बाहेरची दमट हवा त्याच्यावर बसते. मुंबईकरांना हे वर्षभर. त्यावर काही लावायची गरज नाही, हेल्मेट हातात धरून मिनिटभर थांबा, चष्मा गरम झाला की आपोआप जाते. शर्टाच्या टोकाने पुसायची घाई करू नका, कोटिंगचे बारा तिथेच वाजतात.

कॉन्टॅक्ट लेन्स घातल्या तर हा अर्धा प्रश्नच मिटतो हे खरं, पण पावसाचं पाणी लेन्सवर जाणं डोळ्याला चांगलं नाही आणि वाऱ्याने लेन्स कोरड्या पडतात, म्हणजे काच उघडी ठेवायची सोय गेली. आणि त्यातली एक वाटेत पडली तर खिशात चष्मा असलेला बरा.

चालू गाडीवर अचानक काहीच दिसेनासं झालं तर

आधी ब्रेक नाही. आधी डाव्या हाताने काच पूर्ण वर, उजवा हात रेसवर आणि पुढच्या ब्रेकवर तसाच राहू द्या. चष्मा धुरकट असेल तर नाकावरून खाली सरकवून वरून बघा, नंबर असला तरी रस्त्याची पांढरी पट्टी आणि पुढच्याचा लाल दिवा दिसतो. मग इंडिकेटर देऊन हळूहळू डावीकडे, पण वळणावर थांबू नका, मागचा एसटीवाला पण तुमच्यासारखाच धुक्यात आहे, थोडं पुढे जाऊन रुंद जागा बघून थांबा. आणि रात्रीच्या पावसात काळी काच नको, ओरखडे पडलेली तर मुळीच नको, त्या ओरखड्यांत पाणी बसतं आणि प्रत्येक हेडलाइटचा सूर्य होतो.

घरी आल्यावर ओलं हेल्मेट तसंच उलटं करून कपाटावर ठेवलं की दुसऱ्या दिवशी पहिल्या मिनिटापासून वाफ, कारण आतला स्पंजच ओला असतो, वर वास येतो तो वेगळा. आतली गादी निघत असेल तर काढून पंख्याखाली टाका, निघत नसेल तर वर्तमानपत्राचे बोळे कोंबा, रात्रीत बदला एकदा. हेअर ड्रायर किंवा गरम सायलेन्सरवर ठेवून वाळवू नका, आतल्या थर्माकोलची वाट लागते. ओले केसही पुसूनच हेल्मेट घाला. सकाळी निघताना आधी चष्म्याला शाम्पू, मग चहा, तोपर्यंत थर वाळतो, मग पुसून हेल्मेट, काच उघडी, अर्धा मिनिट तशीच गाडी गरम करायची, आणि मग गेटच्या बाहेर पडल्यावर एक खाच ठेवून खाली.